पिस्तूल शूटिंगसाठी नंबरचा चष्मा: आधी काच, फ्रेमचं नंतर बघू

गोव्यात एअर पिस्तूल मारणारे आणि चाळिशी लागलेले आम्ही जे काय थोडेफार लोक आहोत त्या सगळ्यांचा प्रश्न एकच, चष्मा कुठे करायचा आणि कसला करायचा. आणि दर वेळी कोणीतरी व्हॉट्सॲपवर खास नेमबाजीसाठी बनवलेल्या त्या इम्पोर्टेड फ्रेमचा फोटो टाकतो, नाहीतर पॅरिस ऑलिम्पिकमधल्या त्या कोरियन नेमबाज किम ये-जीचा डोळ्यावर यंत्र लावलेला फोटो टाकतो, आणि मग सगळी चर्चा फ्रेमवरच अडकून बसते. म्हणून हा रिव्ह्यू, म्हापशातल्या एका साध्या चष्म्याच्या दुकानाचा आणि त्याने करून दिलेल्या चष्म्याचा, आणि जोडीला त्या इम्पोर्टेड फ्रेमबद्दलही थोडं, कारण आमच्या रेंजवरच्या एका मित्राकडे ती आहे आणि मी ती भरपूर वापरून बघितलीय. मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील: पैसे आणि वेळ नंबर काढण्यावर आणि काचेवर घाला, फ्रेम कधीही घेता येते.

आता हे असं का म्हणतोय ते. पिस्तुलावरच्या साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, उघड्या असतात, मागे एक खाच आणि पुढे एक काळा चौकोनी खांब, बस. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो आणि इथे तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात, रिअर साइट हाताच्या टोकाला, फ्रंट साइट तिच्याही पुढे म्हणजे डोळ्यापासून साधारण मीटरभर, आणि टार्गेट दहा मीटरवर. तिन्ही एकदम स्वच्छ दिसणं विशीतल्या पोरालाही जमत नाही, आपली तर गोष्टच सोडा. मग एक निवडायची तर कुठली, तर जगातला कुठलाही कोच सांगेल फ्रंट साइट. हे नुसतं पाठ करून ठेवण्यापेक्षा एकदा गणित करून बघा. दोन साइट्समधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरा, खाचेत फ्रंट साइट फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली तर दहा मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर बाजूला लागतो. दहाची रिंग आहे ११.५ मिलिमीटर व्यासाची, तिच्या बाहेरची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद, म्हणजे तुम्ही सरळ सातात जाऊन पडलात. तेच साइट्स एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि अख्खा हातच १ मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो, दहा सुटत नाही. म्हणजे हात हलतोय म्हणून रडणारे आपण सगळे प्रत्यक्षात मार खातो ते साइट्स नीट न दिसल्याने. टार्गेटचं काय, त्याचा ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल थोडा धुरकट असला तरी चालतो, तसंही बहुतेक जण त्याच्या खालच्या पांढऱ्या भागावरच धरतात.

रायफलवाल्यांचं वेगळं. त्यांची मागची साइट म्हणजेच एक बारीक भोक असतं, त्या भोकातून बघितलं की जवळचं लांबचं बरंचसं आपोआप सुधारतं, शिवाय नियमाने त्यांना मागच्या साइटवर नंबरची काच बसवता येते. आपल्याला पिस्तुलावर काच किंवा फिल्टर काहीही लावायला बंदी आहे, जे काय असेल ते डोळ्यावर घाला. त्यामुळे स्वप्नील कुसळेने पॅरिसला ब्राँझ घेतल्यावर आमच्याकडची जी मुलं रायफलकडे वळली त्यांना चष्म्याचे सल्ले देताना जरा जपून, आपलं गणित त्यांना लागू होत नाही. त्यांचा गाल रायफलच्या दस्त्यावर टेकलेला असतो आणि नजर काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून, अगदी नाकाजवळून जाते, त्यांना खरंच ती काच हलवता येणारी फ्रेम लागते.

आता दुकानाकडे येतो. सुरुवात मी पणजीतल्या एका मोठ्या शोरूमपासून केली, एसी, कॉफी, टॅबलेटवर तुमचा चेहरा, सगळं होतं. त्यांना सांगितलं की मला मीटरभर अंतरावरची वस्तू धारदार दिसायला हवी, बाकी काही नको. त्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रोग्रेसिव्ह दाखवायला सुरुवात केली, सर याच्यात लांबचं, मधलं, जवळचं, ऑल इन वन. अहो, तीच तर भानगड आहे ना. प्रोग्रेसिव्हमध्ये वरच्या भागात लांबचा नंबर असतो आणि खाली खाली जवळचा होत जातो, पिस्तूल धरताना मान सरळ असते त्यामुळे नजर वरच्या भागातून जाते आणि फ्रंट साइट धूसर. ती स्वच्छ करायला हनुवटी वर करायची, म्हणजे मान ताठ, आणि प्रत्येक शॉटला हनुवटी तेवढीच वर गेली पाहिजे नाहीतर काचेतला नंबरच बदलतो. ६० शॉट, ७५ मिनिटं, करा कसरत. बायफोकलचं तर बोलायलाच नको. रोजच्या वापराला प्रोग्रेसिव्ह उत्तम, मी स्वतः ऑफिसात तेच घालतो, पण रेंजवर नाही. कोटेशन खिशात टाकलं आणि बाहेर पडलो.

म्हापशातलं दुकान बाजाराच्या मागच्या अंगाला आहे, दोन पायऱ्या, आत जेमतेम चार माणसं मावतील, आणि भिंतीवर फ्रेमा कमी आणि देवांचे फोटो जास्त. नाव इथे टाकत नाही कारण मालकाला असली प्रसिद्धी अजिबात आवडत नाही, पण म्हापशाच्या बाजूला शूटिंग करणाऱ्या कोणालाही विचारा, दाखवेल. मालक साठीचे, सगळे त्यांना भाई म्हणतात. मी फोनवर सगळं समजावलं आणि विचारलं की अंतर मोजायला येताना काय आणू, तर पहिलं वाक्य काय, "पिस्तूल हाडूं नाकात हां, लोक भियेतले!" (आणू नका, लोक घाबरतील.) मग त्यांनीच सांगितलं, घरी पिस्तूल धरून उभे रहा आणि कोणाला तरी डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंत सुतळीने मोजायला सांगा, तेवढी सुतळी घेऊन या. मी सुतळी नेली आणि एक काळा कागद गोल कापून नेला, टार्गेटच्या गोलाच्या मापाचा.

आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. दुकान एवढंसं, दहा मीटर आणायचे कुठून, तर भाईंनी माझा काळा गोल एका पांढऱ्या कागदावर चिकटवला आणि समोरच्या दुकानाच्या बंद शटरवर लावून आले, परवानगी वगैरे काही नाही. मला दारात उभं केलं, पिस्तुलाला उभा राहतो तसंच, कडेने, मान टार्गेटकडे वळवून. डोळ्यावर ती जुनी गोल ट्रायल फ्रेम, आत माझा लांबचा नंबर. सुतळीच्या टोकाच्या अंतरावर त्यांच्या पोराने लाकडी फूटपट्टी धरली, तिच्या टोकाला काळ्या टेपची साधारण फ्रंट साइटएवढी पट्टी. आणि मग एकेक काच घालत गेले, अधिक ०.२५, अधिक ०.५०, अधिक ०.७५, अधिक १.००. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, पट्टीच्या कडा कशा दिसतात, आणि तिकडे तो गोल अजून गोल आहे का. ०.२५ ला पट्टीच्या कडा लोकरीसारख्या. ०.५० ला चांगली पण डोळा जोर लावतोय हे कळत होतं. ०.७५ ला पट्टी एकदम ब्लेडने कापल्यासारखी, शटरवरचा गोल मऊ पण गोलच. १.०० ला पट्टीत काही विशेष फरक नाही आणि तिकडे गोलाचा नुसता राखाडी डाग. ०.७५ वर थांबलो. येणारे-जाणारे बघत होते की हा माणूस रिकामा हात लांब करून शटरकडे का बघतोय, ते सोडून द्या.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. डोळा पूर्ण सैल सोडला आणि लांबच्या नंबरवर अधिक १.०० टाकला तर फोकस बरोबर १ मीटरवर पडतो, अधिक ०.५० टाकला तर २ मीटरवर, ०.७५ ला १.३३ मीटरवर. मग पूर्ण १.०० का नको, तर फोकस साइटच्या किंचित पलीकडे ठेवला की साइटही धारेत राहते आणि टार्गेटही अगदीच मरत नाही. जेवढ्या कमी प्लसमध्ये साइट स्वच्छ होईल तेवढाच घ्यायचा, उगाच जास्त नको. माझं उदाहरण देतो म्हणजे कळेल, उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर उणे १.५०, सिलेंडर (म्हणजे तिरकस नंबर, त्याची दिशा म्हणजे ॲक्सिस) उणे ०.७५. शूटिंगच्या काचेत नंबर झाला उणे ०.७५, सिलेंडर आणि ॲक्सिस जसाच्या तसा. हे सिलेंडर सोडून द्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, फ्रंट साइटच्या उभ्या कडांना सावली दिसते किंवा त्या दोन-दोन दिसतात ती बहुतेक सिलेंडरचीच करामत असते. आणि वाचायच्या चष्म्यावर शूटिंग करणारे पण आहेत आमच्यात, वाचायचा नंबर ४० सेंटिमीटरसाठी असतो हो, त्यात रिअर साइट पण धड दिसत नाही.

हे सगळं ज्याच्या त्याच्या डोळ्यावर आहे, माझा ०.७५ तुमचा असेलच असं नाही, ज्यांचा डोळा अजून तरुण आहे त्यांना ०.५० पुरतो, काहींना काहीच लागत नाही. आणि शुगर असेल तर ती वरखाली झालेली असताना नंबर काढायला जाऊ नका, नंबर सुद्धा वरखाली होतो. बऱ्याच वर्षांत डोळे तपासले नसतील तर आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन पडदा, प्रेशर, मोतीबिंदू बघून घ्या, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर भाई पण काही करू शकत नाहीत.

फ्रेम मी दुकानातलीच घेतली, छोटी, गोलसर, मेटलची, नाकावरचे पॅड वाकवता येणारी. मोठ्या फॅशनेबल फ्रेमा टाळा. कडेने उभं राहिल्यावर नजर काचेच्या मधून जात नाही, बाहेरच्या, कानाकडच्या बाजूने जाते, आणि काच मोठी आणि वळलेली असेल तर तिथे चित्र थोडं ताणलेलं दिसतं. भाईंनी ट्रायल फ्रेम घातलेली असतानाच माझी बाहुली कुठे येते ते मार्करने टिपकं काढून घेतलं आणि काचेचं सेंटर तिथे बसवलं. हे काम शोरूममध्ये कोणी करणार नाही, तिथे तुम्हाला सरळ समोर बघायला लावून मोजतात. काच साधी सीआर-३९ म्हणजे नेहमीच्या प्लास्टिकची, अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगची. पॉलीकार्बोनेटचा पर्याय त्यांनी दिला होता, ती जास्त मजबूत, पण तिच्यात कडांना रंगाची झालर थोडी जास्त येते (ॲबे नंबर म्हणतात त्याला, सीआर-३९ चा ५८ च्या आसपास आणि पॉलीकार्बोनेटचा ३०). एअर पिस्तूलला, नीट छर्रे अडवणारी पेटी असलेल्या रेंजवर, मला सीआर-३९ पुरे वाटली. पॉइंट टू-टू (.२२ ची काडतुसं) मारत असाल, शेजारच्याची रिकामी केस उडून तोंडावर येते तिथे, किंवा ट्रॅप-स्कीट (उडत्या थाळ्यांवर शॉटगन) मारत असाल तर पॉलीकार्बोनेटच घ्या, तिथे चित्राच्या धारेपेक्षा डोळा महत्त्वाचा. आणि घरामागे पत्र्याच्या डब्यावर मारणाऱ्यांनी तर नक्कीच, शिशाचा छर्रा लोखंडावरून उलटा येतो.

वापराचा अनुभव. साइट्स काळ्याकुट्ट आणि धारदार, खाचेत दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे की नाही हे आता शोधावं लागत नाही, दिसतं. सगळ्यात मोठा फरक शेवटच्या वीस शॉटमध्ये, आधी तिथे डोळा थकून साइट विरघळायला लागायची. तोटे पण आहेत. हा चष्मा घालून गाडी चालवायची नाही, लांबचं धुरकट दिसतं. मोबाईल पण नीट दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा मॉनिटर शेजारी असतो तो मात्र मस्त दिसतो. म्हणजे रेंजवर दोन चष्मे न्यायचे, आणि माझ्यासारखे विसराळू असाल तर दोरी लावा.

बंद डोळ्याचं काय. दुसरा डोळा मिटून मारू नका, तोंडाची अर्धी बाजू आवळली जाते आणि थोड्या वेळाने उघडा डोळा पण लहान होतो. बरेच जण काळी पट्टी लावतात, तीही नको, एका डोळ्यावर अंधार केला की दोन्ही बाहुल्या थोड्या मोठ्या होतात, आणि बाहुली मोठी झाली की साइट आणि टार्गेट एकाच वेळी सांभाळणं आणखी अवघड. उजेड येईल पण चित्र दिसणार नाही असं काहीतरी पाहिजे. मी डाव्या काचेवर दुधाळ चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, स्टेशनरीच्या दुकानातला, खर्च जवळपास शून्य. स्पर्धेत जाणार असाल तर समोरचा ब्लाइंडर, म्हणजे न वापरायच्या डोळ्यापुढचा हा पडदा, ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही एवढं लक्षात ठेवा, अख्खी काच झाकून गेलात तर इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीत, काढायला लावतील.

आयरिस हे एक वेगळंच प्रकरण. चष्म्यावर क्लिप होणारी छोटी चकती, मधलं भोक लहानमोठं करता येतं, कॅमेऱ्यात असतं तसं. भोक लहान केलं की साइट आणि टार्गेट दोन्ही सुधारतात, जादूच वाटते. पण भोक लहान म्हणजे उजेड कमी, आणि फार लहान केलं की परत सगळं मऊ पडायला लागतं. आणि खरी गोम अशी की आयरिस चुकीचा नंबर झाकून टाकते, म्हणून नंबर काढताना ती काढून ठेवा, नंबर बरोबर झाला की मग लावा. आपल्याकडे ज्या रेंजवर लाइट यथातथाच असतो आणि जुलैमध्ये दुपारी चारला संध्याकाळ होते तिथे मी ती बहुतेक उघडीच ठेवतो. विकत घ्यायच्या आधी काळ्या कागदाला बारीक भोक पाडून काचेवर चिकटवून बघा, तुम्हाला उपयोग आहे की नाही ते फुकटात कळेल.

आता ती इम्पोर्टेड फ्रेम. नोब्लॉख, चॅम्पियन, गेमान, व्हार्गा अशी नावं ऐकली असतील, सगळ्यांची मूळ कल्पना एकच, एका आडव्या दांडीवर गोल काचेचा होल्डर, तो सरकवता येतो, वर-खाली होतो, फिरवता येतो, म्हणजे काच नजरेला बरोबर काटकोनात आणता येते, आणि तिथेच आयरिस, ब्लाइंडर, फिल्टर सगळं लागतं. मित्राच्या फ्रेममध्ये हे सगळं आहे आणि बनावट खरोखर सुंदर आहे, स्क्रू फिरवताना कळतं की पैसे कशाचे घेतले. पण मित्राने आत घातली होती लांबच्या नंबरची काच! आयरिस, ब्लाइंडर धरून पंचवीस हजारांच्या पुढे खर्च आणि फ्रंट साइट धूसर, वर मला विचारतो की फ्रेममध्ये काही डिफेक्ट आहे का. त्याला भाईंकडे नेला, त्यांनी नंबर काढून त्याच होल्डरच्या मापाची गोल काच घासून दिली, आता त्याची बोलती बंद आहे आणि स्कोअर बोलतोय. त्या फ्रेमला माझे आक्षेप दोनच, एक म्हणजे घाम आला की नाकावरून सरकते, आणि दुसरं, डब्यात घालून प्रवास केला की सेटिंग हललेलं असतं, स्क्रूजवळ मार्करच्या खुणा करून ठेवल्या नाहीत तर दर वेळी नव्याने जुळवा. सिलेंडर असणाऱ्यांनी तर काच होल्डरमध्ये गोल फिरणार नाही याची काळजी घ्यायलाच हवी, ॲक्सिस फिरला की सगळं मुसळ केरात. रायफल मारणाऱ्यांना, आणि नंबर फार मोठा असणाऱ्यांना मी ती जरूर घ्या म्हणेन. आम्हा साध्या नंबरवाल्या पिस्तूलवाल्यांना लागतेच असं नाही.

लगेच कोणीतरी तुर्कीच्या पिस्तूल नेमबाज यूसुफ डिकेचचं नाव काढणार, की तो पॅरिसला टी-शर्टवर, खिशात हात घालून, साधा चष्मा लावून मिक्स्ड टीमचं सिल्व्हर घेऊन गेला, मग हे सगळं लाड कशाला. अहो, साधा चष्मा म्हणजे चष्मा नाही असं नव्हे. शिवाय तो दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो, ती त्याची अनेक वर्षांची सवय आहे. आपण रविवारी सकाळी मारणारे लोक.

गोव्यात एक जास्तीची डोकेदुखी म्हणजे हवा. पावसाळ्यात गाडीतून उतरून रेंजवर आलात की काच धुरकटते, एसी हॉल असेल तर बाहेर पडताना. पाच मिनिटं आधी चष्मा घालून बसा, बस. शर्टाच्या टोकाने पुसू नका, घामाचं मीठ असतं त्यात, कोटिंग ओरखडतं, साध्या पाण्याखाली धरा, साबणाचा एक थेंब, आणि मऊ कापड. समुद्राजवळ राहत असाल तर स्क्रू गंजतात, भाई दर दोन-तीन महिन्यांनी फुकट घट्ट करून आणि तेल लावून देतात.

दुकानाबद्दल उणं काढायचं तर वेळ. दुपारी एक ते साडेतीन बंद म्हणजे बंद, फोनसुद्धा उचलत नाहीत. शुक्रवारी जाऊच नका, बाजारच्या दिवशी म्हापशात गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि समोरचं शटरही उघडं असतं, मग टार्गेट लावणार कुठे. काच यायला सांगतात चार दिवस, लागतात दहा. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. बाकी हिशेब अगदी चोख, फ्रेम आणि एकाच काचेचे पैसे घेतले, सगळं मिळून त्या शोरूमच्या कोटेशनच्या चौथा हिस्सा पण नाही. डाव्या बाजूला त्यांनी माझ्या जुन्या चष्म्याचीच काच घासून लहान करून बसवली, तिच्यावर ओरखडे आहेत म्हटलं तर म्हणाले टेप लावणार ना तुम्ही, मग ओरखडे कोण बघतंय.